मागे राहिलेल्या स्त्रीचा उत्तरार्ध

गोष्ट संपते, पण ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही. ‘मग पुढे काय झाले?’ हा प्रश्न आजीच्या मांडीवरचे मूल विचारते आणि वाचनालयाच्या खिडकीशी पुस्तक परत करणारा प्रौढ वाचकही विचारतो. बेळगाव तालुक्यातील सरकारी मराठी शाळांतून मुलांना वाचनाची गोडी लावताना आम्हांस हा प्रश्न असंख्य वेळा ऐकावा लागला. त्यावरून आमचे एक मत बनले आहे, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. घर सोडून कोणी मोठ्या ध्येयाच्या वाटेने निघाला, की पूर्वार्ध त्याचा होतो. वाचक मात्र त्याच्याबरोबर पुढे जात नाही. तो उंबरठ्याशी थांबतो आणि मागे उभ्या राहिलेल्या स्त्रीकडे पाहतो. त्याला उत्तरार्ध हवा असतो तो तिचा.

याचे फार जुने उदाहरण इंग्रजी वाङ्मयात आहे. जॉन बन्यन याने १६७८ साली ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हे रूपक प्रसिद्ध केले. त्याचा नायक ख्रिश्चन आपल्या गावाचा विनाश ओळखून तारणाच्या शोधात निघतो. बायकामुले मागून हाका मारतात, तेव्हा तो कानांत बोटे घालून धावत सुटतो. ग्रंथ अतिशय लोकप्रिय झाला; परंतु त्या हाका वाचकांच्या कानांतून गेल्या नसाव्यात. पुढे काय झाले हे जाणण्याची लोकांची उत्सुकता इतकी, की बन्यनने लेखणी उचलण्यापूर्वीच दुसऱ्याच कोणी एक ‘दुसरा भाग’ छापून टाकला. अखेर १६८४ साली बन्यनने स्वतःचा दुसरा भाग दिला. त्यात त्याची पत्नी ख्रिश्चिआना चार मुलगे आणि एक शेजारीण यांना बरोबर घेऊन त्याच वाटेने निघते. नवरा एकटा गेला. ही मात्र सारे घर घेऊन जाते.

हा ग्रंथ मराठीत फार लवकर आला. हरि केशवजी यांचे ‘यात्रिकक्रमण’ १८४१ साली प्रसिद्ध झाले. मराठी कादंबरीचा जन्म व्हावयाचा होता, त्या काळी गद्यातील दीर्घ कथा कशी असते हे दाखविणाऱ्या थोड्या पुस्तकांत त्याची गणना करावी लागेल. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८५७ साली, ‘यमुनापर्यटन’ आले. अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. तिचे कर्ते बाबा पदमनजी हे आपल्या बेळगावचे, याचा आम्हां सीमाभागातील मराठी माणसांना अभिमान वाटावयास हवा. त्यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला, त्यांचे आरंभीचे शिक्षण येथील मिशनच्या शाळेत झाले आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षाही येथेच घेतली. याच जिल्ह्यातील जांबोटी गावाने मराठीला ‘मोचनगड’कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर दिले. त्यांची ती ऐतिहासिक कादंबरी आधी ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः आली आणि १८७१ साली पुस्तकरूप झाली. मासिकाच्या पुढील अंकाची वाट पाहत झुरण्याचे सुख मराठी वाचकाला लावणाऱ्यांत आमच्या मातीचा एक लेखक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

‘यमुनापर्यटन’ ही उघडउघड हेतुप्रधान कादंबरी आहे. विधवांचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविणारा कायदा १८५६ साली झाला आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक निघाले. यमुना व तिचा पती विनायक प्रवास करतात, वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहतात. दोघांचेही मन ख्रिस्ती धर्माकडे ओढ घेत असते. पुढे विनायक अपघाताने मरण पावतो व मरण्यापूर्वी बाप्तिस्मा घेतो. ज्या विधवांविषयी यमुना आजवर हळहळत होती, त्यांच्यातीलच ती एक होते. येथपर्यंत वाचकाची सहानुभूती पूर्णपणे तिच्याबरोबर असते. शेवटी ती ख्रिस्ती होते व एका ख्रिस्ती गृहस्थाशी विवाह करते, तेव्हा मात्र वाचकांत दोन तट पडतात.

आमच्या अनुभवात हे तट धर्माप्रमाणे पडत नाहीत. एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले होते, ‘‘सर, तिला विनायकाची आठवण येत नसेल का?’’ तिला यमुनेचे धर्मांतर खटकले नव्हते आणि पुनर्विवाहही खटकला नव्हता. एक माणूस कथेतून गेला आणि त्याची जागा इतक्या लवकर भरली गेली, हे तिला सोसवले नाही. तो प्रश्न आम्हांस कोणत्याही समीक्षेहून अधिक मार्मिक वाटला. पदमनजींना एक सामाजिक अन्याय दाखवावयाचा होता आणि त्यावरचा उपाय सांगावयाचा होता. ते काम त्यांनी धैर्याने केले. दुःखातून सुखाकडे जाताना मन किती अडखळते, हे सांगावयास मात्र त्या ग्रंथाला सवड नव्हती. ते अडखळणे मराठीत यावयाला पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ते आले ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ साली आणि पुढील भाग १९३६ पर्यंत प्रसिद्ध झाले. ही कादंबरी नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही ज्यांनी ती भाग-भाग करून वाचली, त्यांना ती एका दांपत्याची प्रेमकथा म्हणूनच भेटली असली पाहिजे. बालपणी लग्न झालेली, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली मुलगी आणि कवी, लहरी, देताना मागचा-पुढचा विचार न करणारा नवरा. त्यांची भांडणे, रुसवे, दारिद्र्य आणि विनोद यांत वाचक रमून जातो. अशात १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळक मुंबईस बाप्तिस्मा घेतात. पत्नीच्या संमतीवाचून घेतलेला हा निर्णय. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई मागे राहतात. ख्रिश्चिआनेच्या हाका येथे मराठीत ऐकू येतात.

या भागापाशी वाचकांची मने कशी हलतात, ते आम्ही जवळून पाहिले आहे. निपाणीस आमच्या परिचयाचे एक घर आहे. तेथे दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळावयास बसत आणि शाळा शिकलेली सून त्यांना पुस्तक वाचून दाखवी. ‘स्मृतिचित्रे’ आम्हीच तिला नेऊन दिले होते. टिळकांच्या विसराळूपणाला हसून हसून त्या बायकांच्या हातांतील पाने सुटत. धर्मांतराचे पान आले तेव्हा हात थांबले. एक वृद्धा म्हणाली, ‘‘तिला इचारलं हुतं का त्यानं?’’ दुसरी म्हणाली, ‘‘पर लेकराचं काय?’’ कोणता धर्म खरा, हे तेथे कोणीही विचारले नाही. तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालविलेल्या त्या स्त्रियांना नवरा न सांगता दूर जाणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. ‘‘उद्या पुढचं वाच,’’ असे सांगून त्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर जमल्या, असे त्या सुनेने आम्हांस सांगितले.

सर्वांचाच अनुभव असा नसतो. एक पालक आमच्याकडे रागावून आले होते. मुलीच्या हातात धर्मांतराचे पुस्तक का दिले, असा त्यांचा आक्षेप. आम्ही वाद घातला नाही. सबंध ग्रंथ त्यांच्या हाती दिला व आधी आपण वाचावा अशी विनंती केली. महिन्याने त्यांनी तो परत आणून दिला. ‘‘टिळकांचं वागणं मला पटलं नाही, पटणारही नाही,’’ ते म्हणाले, ‘‘पण बाईंचं पुस्तक आहे. मुलीला वाचू द्या.’’ त्या गृहस्थांचे मत बदलले नव्हते, आणि ते बदलावे अशी आमची अपेक्षाही नव्हती. तथापि ज्याच्याशी आपण सहमत नाही त्याच्या घरातील दुःख समजून घेणे, हे वाचनाचे लहान फळ नव्हे.

बेळगावातील एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षिकेची प्रतिक्रिया याहून निराळी. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या पणजीची गोष्ट हीच. पणजोबा आधी गेले, ती तीन वर्षांनी गेली. मधल्या तीन वर्षांत ती कुठे राहिली, काय खाल्लं, हे कोणाला माहीत नाही. लिहिणारं कोणी नव्हतं.’’ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ चार वेळा वाचले आहे. आणि दर वेळी टिळकांच्या मृत्यूपाशी न रडता या ताटातुटीपाशीच डोळे भरतात, असे त्या सांगत. आपल्या घराण्याची हरवलेली पाने त्यांना तेथे सापडत होती.

या प्रेमकथेच्या उत्तरार्धाचे मोठेपण असे, की तो कोणालाही घाई करीत नाही. लक्ष्मीबाई पतीकडे परत येतात, पण आरंभी आपले सोवळे आणि आपला वेगळा स्वयंपाक सांभाळून. टिळकही ते मान्य करतात. मग एके दिवशी जातिभेद हा ईश्वराने केलेला नाही, असा विचार त्यांच्या मनात उजाडतो आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्या स्वतः निश्चय करतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे पतीच्या मागून पाच वर्षांनी. तेथे पोहोचेपर्यंत वाचकाला पुरता विश्वास वाटू लागलेला असतो, की ही बाई ओढली गेली नाही, आपल्या पायांनी चालत आली. यमुनेच्या कथेत जो अवधी नव्हता, तो येथे मिळाला. ई. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, त्याला नाव दिले ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागोमाग येते’. नाव सुंदर आहे. फक्त ‘मागोमाग’ या शब्दात पाच वर्षांचे अंतर आहे, हे वाचकाने विसरू नये.

या दांपत्याच्या जीवनात आणखी एक उत्तरार्ध आहे, तो अक्षरशः ग्रंथाचा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य हाती घेतले होते. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा जेमतेम दहा-साडेदहा अध्याय लिहून झाले होते. ज्या पत्नीला लग्नानंतर अक्षरओळख करून घ्यावी लागली, तिने त्यापुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली लक्ष्मीबाईही गेल्या. पुढे ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ साली. बन्यनच्या कथेत पतीने वाट दाखविली व पत्नी तीवरून चालली. येथे पतीची वाट थोडक्यात संपली आणि उरलेली पत्नीने बांधली.

‘हे सारे जुने झाले,’ असे कोणी म्हणेल. तसे ते झालेले नाही. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप निघालेच. मराठी गद्याच्या पायाभरणीत ख्रिस्ती मराठी लेखकांचे किती दगड आहेत, याचा त्या आक्षेपकांना विसर पडला होता. आपले कोण आणि परके कोण, हे ठरविण्याची घाई झाली, की माणूस पुस्तक उघडण्याआधीच मिटवून ठेवतो.

आम्हां सीमाभागातील मराठी कुटुंबांना तर ही घाई परवडणारी नाही. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेनंतर आमची घरे एका राज्यात आणि लेकीसुनांची माहेरे दुसऱ्या राज्यात, अशी परिस्थिती झाली. आमच्या घरात एक मुलगा कानडी माध्यमात शिकतो, दुसरा इंग्रजी, आणि आजी मराठी पोथी वाचते. उद्या याच घरातून कोणी निराळ्या भाषेत, निराळ्या पंथात, निराळ्या देशात निघून जाईल. जाणारा आपली वाट पाहील. पण मागे राहणाऱ्यांनी काय करावे? दार लावून घ्यावे, की आपले सोवळे सांभाळून का होईना, एका छपराखाली पुन्हा चूल मांडावी? या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही धर्मग्रंथात वा कायद्यात मिळणार नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र एका घराला ते कसे सापडले, एवढे प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंती. आपल्या गावच्या मराठी वाचनालयातून ‘स्मृतिचित्रे’ घरी आणावे आणि एकट्याने न वाचता, घरातील चार माणसे जमवून मोठ्याने वाचावे. टिळकांवर रागवावयाचे असेल तर खुशाल रागवावे. लक्ष्मीबाईंनीही ते काम मनसोक्त केले आहे. मात्र रागाच्या पानावर पुस्तक मिटू नये. पुढचा भाग वाचावा.