पेण-रोह्याचा वारसा

भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकाकाठचे रोहा या बाजारगावांचा वारसा मोजायचा, तर दगडाचे वय ही एकच फूटपट्टी पुरत नाही. त्या फूटपट्टीवर रोह्याजवळचा अवचितगड सहज उतरतो. त्याच्या बुरुजावरील शिलालेख शके 1718चा, म्हणजे इ.स. 1796चा आहे. पण गड आता निर्मनुष्य आहे. उलट धावीर महाराजांचे मंदिर रोहेकरांच्या नित्य वापरात आहे, आणि पालखी उत्सवात देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. गावाने अखंड जपलेला असा रिवाज बुरुजाइतकाच भक्कम पुरावा मानायला हवा.

यावर आक्षेप येतो, की वापरातली वास्तू बदलत राहते, मग तिला ऐतिहासिक कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. जुने लाकूडकाम एकदा उतरवले की परत येत नाही. म्हणूनच नोंद आधी वापरातल्या वास्तूंची व्हावी. पेणचे गणपतीचे कारखाने त्यात हवेतच, कारण माती, साचा आणि रंगणीची जागा यांवाचून ती कला समजत नाही. पेण तालुक्यातले गागोदे, विनोबांचे 1895चे जन्मगाव, हेही त्यात हवे.