रॉलेट्स स्टेशनचा दगड

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल शहर आहे. तिथल्या फ्रेझियर हिस्टरी म्युझियममध्ये चुनखडीचा एक झिजलेला शिलाखंड ठेवला आहे. वरच्या भागात पंख पसरलेला गरुड, झेंडे आणि तोफा कोरल्या आहेत. खाली जर्मन भाषेतला लेख आहे, किंवा होता म्हणावे, कारण त्यातला बराचसा मजकूर आता पापुद्र्यांसारखा गळून गेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाची जी स्मारके आज शिल्लक आहेत, त्यांतले हे सर्वांत जुने. ते जानेवारी १८६२ मध्ये घडवले गेले, तेव्हा युद्धाला वर्षसुद्धा झाले नव्हते. घडवणारा ऑगस्ट ब्लोडनर हा ३२व्या इंडियाना पायदळ पलटणीतला साधा शिपाई होता, आणि हा दगड त्याने पलटणीतल्याच सोबत्यांच्या थडग्यांसाठी कोरला.

या पलटणीला ‘पहिली जर्मन’ म्हणत. १८४८-४९ च्या क्रांत्या फसल्यानंतर आणि त्याआधीही पोटापाण्यासाठी हजारो जर्मन कुटुंबे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात येऊन वसली होती. युद्ध सुरू झाल्यावर इंडियानाचा गव्हर्नर ऑलिव्हर मॉर्टन याने या लोकांची वेगळी पलटण उभारायला मंजुरी दिली, आणि २४ ऑगस्ट १८६१ रोजी इंडियानापोलिस येथे ती सैन्यात दाखल झाली. हुकूम जर्मनमध्ये दिले जात. तिचा कर्नल ऑगस्ट विलिख पूर्वी प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होता आणि पुढे कट्टर साम्यवादी झाला. १८४९ च्या बाडेनच्या उठावात फ्रीडरिख एंगेल्स त्याचा मदतनीस होता. लंडनला गेल्यावर त्याचे खुद्द मार्क्सशी बिनसले. अमेरिकेत आल्यावर सिनसिनाटीत तो एक जर्मन वृत्तपत्र चालवत असे. अशा माणसाच्या हाती प्रशियन शिस्तीची पलटण यावी, हा योग मजेशीरच.

दगडावर नोंदलेली चकमक, म्हणजे रॉलेट्स स्टेशनची लढाई, १७ डिसेंबर १८६१ रोजी झाली. लुइव्हिलच्या दक्षिणेला सुमारे ११५ किलोमीटरवर, ग्रीन नदीच्या काठी मनफर्डव्हिल हे छोटे गाव आहे. लुइव्हिल-नॅशव्हिल रेल्वे इथेच नदी ओलांडते. दक्षिणेकडे जाणारी संघराज्याची, म्हणजे उत्तरेच्या बाजूची, रसद याच लोहमार्गावर अवलंबून असणार होती, त्यामुळे सगळा डाव या पुलाभोवती फिरत होता. पूल १८५९ मध्ये पुरा झाला. त्याचा अभियंता आल्बर्ट फिंक, तोही जर्मनीतून आलेलाच. बंडखोरांनी पुलाचे दक्षिणेकडचे टोक उडवून दिले होते. ३२व्या पलटणीने होड्यांवर फळ्या टाकून तरंगता पूल बांधला, आणि डागडुजी चालू असताना पहाऱ्यासाठी काही तुकड्या पलीकडे नेल्या.

त्या दिवशी विलिख वरिष्ठांच्या छावणीत गेला होता. पलटण लेफ्टनंट कर्नल हेन्री फॉन ट्रेब्रा याच्या ताब्यात होती. समोरून बंडखोरांचा ब्रिगेडियर जनरल थॉमस हिंडमन सुमारे १,१०० पायदळ, २५० घोडेस्वार आणि चार तोफा घेऊन आला. नदीपलीकडचे जर्मन होते जेमतेम पाचशे. टेरीच्या टेक्सास रेंजर्सनी शॉटगन आणि पिस्तुले रोखून घोडे घातले. उघड्या रानात सापडलेल्या लेफ्टनंट मॅक्स साक्स याने शरण यायला नकार दिला आणि तो मारला गेला. दुसऱ्या बाजूला एका कंपनीने चौकोनी व्यूह रचला. चारही बाजूंना संगिनी रोखलेल्या, आणि घोडे अगदी जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही, ही युरोपातल्या कवायतीची जुनी रीत. तिच्यापुढे रेंजर्सचे हल्ले फुटले. त्यांचा कर्नल बेंजामिन टेरी ठार झाला. विलिख परत पोहोचेपर्यंत लढाई संपत आली होती. दोन्ही बाजू मागे हटल्या आणि पूल संघराज्याकडेच राहिला.

ब्लोडनरच्या लेखात शत्रूची संख्या तीन हजारांवर दिली आहे. ती प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त भरते. ताज्या विजयाच्या भरात कोरलेल्या दगडाकडून हिशेबाची अपेक्षा धरू नये. मृतांच्या नावांपुढे जन्माचे दिवस आणि जर्मनीतली गावे लिहिली होती, ती बाजू मात्र मोलाची.

पलटण पुढे गेली. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत गोळीबाराखाली रांग डळमळू लागली, तेव्हा विलिखने शत्रूकडे पाठ करून, शिपायांसमोर उभे राहून त्यांच्याकडून बंदुकीची कवायत करून घेतली. रांग सावरली. स्टोन्स रिव्हरला तो स्वतः कैद झाला आणि काही महिन्यांनी सुटला. त्यानंतर लिबर्टी गॅप, चिकामॉगा, मिशनरी रिज. सप्टेंबर १८६४ मध्ये मूळ पलटण विसर्जित झाली. उरलेल्या शिपायांची छोटी बटालियन टेक्सासमध्ये १८६५ च्या डिसेंबरपर्यंत होती.

स्मारकही एका जागी राहिले नाही. १८६७ मध्ये मृतांचे अवशेष उकरून लुइव्हिलच्या केव्ह हिल राष्ट्रीय दफनभूमीत नेले, त्यांच्याबरोबर हा दगडही गेला आणि त्याला नवा चौथरा मिळाला. पण ब्लोडनरने वापरलेली चुनखडी होती परिसरातलीच, थरांची आणि मऊ. पावसाचे पाणी आत मुरायचे, हिवाळ्यात गोठायचे आणि थर सुटायचे. अखेर २००८ मध्ये दगड हलवून डागडुजीला नेला आणि २०१० मध्ये म्युझियमच्या छताखाली ठेवला. केव्ह हिलमध्ये थडग्यांपाशी २०११ पासून नवे स्मारक उभे आहे.

मनफर्डव्हिलच्या रणभूमीचा मोठा भाग आता राखीव असून त्यातून पायवाटा काढल्या आहेत. तिथे येणारे बहुतेक जण सप्टेंबर १८६२ मध्ये इथेच झालेल्या मोठ्या लढाईसाठी येतात. त्यांच्या डोक्यावरून फिंकच्या जुन्या दगडी खांबांवरच्या रुळांवर आजही मालगाड्या जातात.