मोबाइलवरचा पोकर : पैसे न लावता शिकायचा असेल तर



गोकुळाष्टमीचं जागरण असो की दिवाळीची सुट्टी, आपल्या बुऱ्हाणपूरच्या घरांत सतरंजी अंथरली की पत्त्यांचा कॅट निघतोच. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, रमी आणि मोठ्यांची नजर चुकवून तीन पत्ती! पण आता मुलं पुण्याला, इंदूरला, काही तर परदेशात. सगळे एका सतरंजीवर येणं अवघड झालं, म्हणून डाव मोबाइलवर गेला.

गेल्या दिवाळीत भाच्याने मला पोकरच्या टेबलाचा कोड पाठवला. ‘मामा, तीन पत्ती येते ना? मग हेही जमेल,’ म्हणाला. पहिल्याच डावात माझं बोट पट्टीवर जास्त सरकलं आणि सगळ्या चिप्स एकदम लागल्या. चिप्स खोट्या होत्या म्हणून सगळे हसले. खऱ्या असत्या तर कुणी हसलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी कायद्याचं

ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने बंद केला. पोकर आणि रमी दोन्ही त्यात आले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेची ही कलमं खेळणाऱ्यावर नाहीत. पण जुगाराबाबतचे राज्यांचे कायदे वेगळे आहेतच.

तेव्हा घरच्यांनी मिळून, फुकटच्या चिप्सवर खेळायचं, एवढीच वाट आपल्यासाठी आहे. आणि ती पुरेशी आहे.

तीन पत्तीवाल्यांची पहिली चूक

ऑनलाइन बहुतेक ठिकाणी ‘टेक्सास होल्डम’ खेळतात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पानं उघडतात. या सातांतून उत्तम पाच पानांचा हात बनवायचा.

हातांचा क्रम वरून खाली असा : रॉयल फ्लश, स्ट्रेट फ्लश, चार सारखी पानं, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), रंग, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, मोठं पान.

इथेच आपण फसतो. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाला मारतो, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सला मारतो. हा मनमानी नियम नाही. जे दुर्मीळ ते वरचं, असा साधा हिशोब आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि रंग १,०९६ वेळा. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत रंग ५,१०८ वेळा आणि सिक्वेन्स १०,२०० वेळा. पानं वाढली की दुर्मीळपणा उलटतो, म्हणून क्रमही उलटतो. (गंमत म्हणजे तीन पत्तीत ट्रेलचे ५२ हात आहेत आणि प्युअर सिक्वेन्सचे ४८, तरीही ट्रेलच वर. तिथे हिशोबापेक्षा परंपरा जिंकली!)

पडद्यावरची बटणं

फोल्ड म्हणजे पानं टाकून डाव सोडणं. चेक म्हणजे काही न लावता पुढच्याकडे पाळी देणं. कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढंच लावणं. रेझ म्हणजे वाढवणं. ऑल-इन म्हणजे असतील नसतील त्या सगळ्या चिप्स लावणं. ‘डी’ लिहिलेली गोल चकती पानं वाटणाऱ्याची जागा दाखवते; ती प्रत्येक डावाला पुढे सरकते. तिच्या पुढच्या दोघांना पानं बघण्याआधीच ठरलेल्या चिप्स टाकाव्या लागतात. आपल्या तीन पत्तीतल्या ‘बूट’सारखंच, फक्त सगळ्यांऐवजी दोघांनी.

नवख्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात :

१. रेझची पट्टी बोटाने ओढू नका. आकडा टाइप करता येत असेल तर तो टाइप करा आणि दाबण्याआधी एकदा वाचा.

२. पाळी येण्याआधीच खूण करून ठेवायचे छोटे चौकोन असतात. ‘कितीही असो, कॉल’ अशा अर्थाच्या चौकोनाला सुरुवातीला हात लावू नका. समोरच्याने सगळं लावलं, तरी तुमचा कॉल आपोआप जाईल.

३. घड्याळ पळत असतं. वेळ संपली की बहुधा तुमची पानं टाकली जातात. चहा आणायला उठायचं असेल तर ‘सिट आउट’ दाबून उठा.

४. छोट्या पडद्यावर इस्पिक आणि किलवर सारखेच काळे दिसतात. सेटिंगमध्ये चार रंगांचा कॅट असेल तर तो निवडा. त्यात किलवर हिरवा आणि चौकट निळी दिसते. चष्मेवाल्यांना फार सोपं जातं.

‘पत्ते पिसतं कोण?’ हा प्रश्न आमच्या घरी आजीने विचारला. यंत्रच पिसतं, यादृच्छिक आकड्यांवरून. ५२ पानं जितक्या क्रमांनी लागू शकतात, ती संख्या ६८ अंकी आहे. त्यामुळे ओळीने चार डाव वाईट पानं आली म्हणजे यंत्र आपल्यावर रुसलं, असं नाही.

सावध कुठे व्हायचं

फुकटच्या ॲपमध्येही ‘चिप्स विकत घ्या’ असं बटण असतं. ते पैसे परत येत नाहीत. म्हणून त्या ॲपला यूपीआय किंवा कार्ड जोडूच नका आणि मुलांच्या हातातल्या फोनवर खरेदीला पासवर्ड ठेवा.

अनोळखी ग्रुपमधून ‘पोकर खेळा, रोज कमवा’ अशी लिंक आली तर उघडू नका. ही जाळी ठरावीक पद्धतीने विणलेली असतात. आधी थोडं जिंकू देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात आणि शेवटी ‘जिंकलेले पैसे काढायला आधी टॅक्स भरा’ म्हणतात. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. आणि घरात कुणी असं फसलं तर आधी रागावू नका; रागाच्या भीतीनेच माणसं लपवतात आणि आणखी पैसे घालतात.

बाकी, शिकण्याचा उत्तम मार्ग जुनाच आहे. पहिले दहा-बारा डाव खऱ्या पत्त्यांवर, घरात, चिप्सऐवजी शेंगदाणे घेऊन खेळा. क्रम डोक्यात बसला की मगच मोबाइल उघडा आणि लांबच्या मुलांना कोड पाठवा. हरणाऱ्याने सगळ्यांना मावा जलेबी खाऊ घालायची, एवढीच पैज आपल्याला शोभते.