थकलेल्या पोलिसाकडून न्याय कसा मिळणार?

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूर–महाबळेश्वर रस्त्यावर आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एक जण वाचला, बाकी सारे गेले. ट्रेकर्स, एनडीआरएफ आणि पोलिसांनी पावसात, धुक्यात दोरांच्या साहाय्याने मृतदेह वर काढले.

या भागाला हे नवे नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड आली. प्रत्येक वेळी पंचनामा करणे, ओळख पटवणे आणि दवाखान्याबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना ती बातमी सांगणे हे काम पोलिसांकडे आले. ते संपल्यावर त्याच पोलिसाला पुन्हा ड्युटी, घाटातली वाहतूक, एखाद्या दौऱ्याचा बंदोबस्त. 'तुला झोप लागते का?' असे त्याला विचारणे कोणाचे काम आहे?

ते काम त्याच्या साहेबाचे आहे. पोलीस दलातील नेतृत्व आपण बहुधा कडकपणावर मोजतो. हाताखालच्या माणसाची ताकद ओळखणे, हा मात्र नेतृत्वाचा पाया आहे.

हा आपला प्रश्न का?

पहिले कारण घरचे आहे. आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली पहाटे उठून भरतीसाठी धावतात. भरती झाल्यावर बारा तासांची ड्युटी, सणाला रद्द होणारी रजा आणि वरिष्ठांची बोलणी यांना त्यांनाच तोंड द्यायचे आहे.

दुसरे कारण न्यायाचे आहे. अत्याचाराची फिर्याद घेऊन आपला कार्यकर्ता ठाण्यात जातो, तेव्हा समोर ठाणे अंमलदार असतो. तो दमलेला आहे, हे गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करण्याचे कारण होऊ शकत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणे हाच गुन्हा आहे. याच कायद्याच्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. म्हणजे जिल्ह्याचे अधीक्षक अलिबागला बसत असले, तरी महाडच्या उपविभागीय अधिकाऱ्याची समज, त्याची तयारी आणि त्याच्यावरचा कामाचा भार यांच्याशी आपला थेट संबंध येतो.

तक्रार करायची कुठे?

कारखान्यातला कामगार संघटना करू शकतो, पोलिसाला ती मोकळीक नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे काही मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधने घातली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला, तेव्हा तो दडपला गेला. संघटना नसेल, तर शिपायाचे म्हणणे वर जाण्याचा रोजचा रस्ता एकच उरतो, त्याचा वरिष्ठ. वरिष्ठ ऐकणारा नसेल, तर तो रस्ताही बंद.

ऐकणारा असेल तर काय होते, हे देवनारने दाखवले. आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडला होता. तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला न टाकता २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात करून पाहिला आणि पुढे इतर ठाण्यांकडे नेला. कल्पना खालून आली, जबाबदारी वरून घेतली गेली.

डोंगरी तालुक्यात हे अवघड आहे, हे मान्य. दोनऐवजी तीन पाळ्या करायच्या तर माणसे जास्त लागतात. पोलादपूरसारख्या ठिकाणी गावे विखुरलेली, घाट लांबचे, आणि पावसाळ्यात मदतीला पहिली हाक पोलिसालाच. म्हणून रिक्त पदे भरणे हा कल्याणाचाच भाग आहे. अधिकाऱ्याला एका जागी पुरेसा काळही मिळायला हवा. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जिल्हा अधीक्षक आणि ठाणेप्रमुखांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचे निर्देश दिले. सतत बदलीच्या छायेत असलेला अधिकारी आपली माणसे ओळखणार कधी?

तथागत आणि बाबासाहेब काय सांगतात?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : ताकद पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगले खाणे वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. आजच्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या भिंतीवर ही यादी लावता येईल. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचे प्रयत्न झाले आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आला. हा न्याय खाकी वर्दीच्या दारात अडू नये.

पोलिसांसाठी विपश्यना शिबिरे होतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र दहा दिवसांच्या शिबिरानंतर माणूस त्याच सोळा तासांच्या ड्युटीवर परतणार असेल, तर दोष त्याच्या मनाचा ठरवून व्यवस्था मोकळी सुटते. दुःखाचे कारण दूर करा, ही धम्माची शिकवण आहे.

आपण काय करू शकतो?

महाड, पोलादपूरच्या ठाण्यांत मंजूर पदे किती, भरलेली किती, साप्ताहिक सुट्टी प्रत्यक्षात मिळते का, आपत्तीनंतर समुपदेशन होते का, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. शांतता समितीच्या बैठकीत हे प्रश्न विचारता येतात. २० मार्चला चवदार तळ्यावर लाखो अनुयायी येतात, तेव्हा दिवसभर उभ्या असलेल्या महिला पोलिसांसाठी पाणी, सावली आणि स्वच्छतागृह आहे का, हेही आपले स्वयंसेवक पाहू शकतात.

भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट आजच ठरवावी. उद्या तुमच्या हाताखाली चार माणसे असतील. त्यांच्याशी तुम्ही जसे वागाल, तसेच ती ठाण्यात आलेल्या गरिबाशी वागतील.

जय भीम!