घाम उकाड्याचा की संप्रेरकांचा?

रत्नागिरीत एप्रिल-मेमध्ये घाम कोणाला येत नाही? समुद्रावरची दमट हवा, आंब्याच्या पेट्या भरण्याची धांदल, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि त्यांच्यासाठी दिवसभर पेटलेला गॅस. अशा दिवसांत पन्नाशीच्या आसपासची बाई पदराने मान पुसत 'काय हा उकाडा' म्हणाली, तर घरात कोणालाच त्यात वेगळं काही वाटत नाही. फरक कळतो तो जानेवारीत. बाकीचं घर गोधडीत असतं आणि ती रात्री दोन वाजता उठून खिडकी उघडते. छातीतून चेहऱ्याकडे उष्णतेची लाट चढते, धडधडतं, ब्लाउज घामाने भिजतो. काही मिनिटांत सगळं शांत होतं आणि मग उलट थंडी वाजते.

पाळी जाण्याच्या सुमारास अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन कमी होतं. शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र त्यामुळे हळवं होतं. एरवी ज्या किरकोळ बदलाकडे ते दुर्लक्ष करतं, त्यालाच आता 'फार तापलं' समजून घाम सोडतं. या वाफा वर्षभरात जातील असं बायका एकमेकींना सांगतात. पण अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत, ज्यांना हा त्रास वारंवार होत होता त्यांच्यात तो टिकण्याचा मध्य काळ सात वर्षांहून अधिक निघाला. सात वर्षं रोज रात्री झोपमोड होत असेल, तर चिडचिड आणि विसराळूपणा यांचा दोष 'वया'ला देऊन कसं भागेल?

यावरचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे कमी झालेलं संप्रेरक बाहेरून देणं. त्याला एचआरटी म्हणतात. पण नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, 'त्याने कॅन्सर होतो ना?' ही भीती कुठून आली, ते समजून घेण्यासारखं आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत 'फेमिनिन फॉरेव्हर' नावाचं पुस्तक गाजलं. पाळी जाणं हा जणू आजार आणि इस्ट्रोजेन म्हणजे कायम तरुण राहण्याची गोळी, असा त्याचा सूर होता. नुसतं इस्ट्रोजेन खूप दिलं गेलं आणि १९७५ मध्ये त्याचा गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरशी संबंध दिसला. तेव्हापासून गर्भपिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही दिलं जातं, म्हणजे अस्तर वाढत नाही. गर्भपिशवी काढलेली असेल, तर सहसा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं.

दुसरा धक्का जुलै २००२ चा. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीचा १६,६०८ स्त्रियांचा, दोन्ही संप्रेरकं घेणारा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली. आकडा खरा होता, पण तो उलगडून फार थोड्यांनी सांगितला. ज्या दहा हजार स्त्रिया या गोळ्या घेत नव्हत्या, त्यांच्यात वर्षाला ३० जणींना हा कॅन्सर झाला. घेणाऱ्या दहा हजारांमध्ये तो ३८ जणींना झाला. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. त्या आठ जणींचं दुःख कमी नाही. पण '२६ टक्के' ऐकून मनात उभं राहणारं चित्र आणि हे चित्र यांत बराच फरक आहे. शिवाय चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि सुमारे दोन तृतीयांश जणी साठीच्या पुढच्या होत्या. रात्री खिडकी उघडणारी आपली बाई ४८ वर्षांची आहे.

पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे काढले, तेव्हा आजचा सर्वसाधारण नियम ठरला. वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, त्रास खरोखर होतोय आणि अडचणीचा दुसरा आजार नाही, अशा बहुतेक स्त्रियांमध्ये फायद्याचं पारडं जड असतं. हाडांची झीज थांबते, हा त्यातला मोठा फायदा. पासष्टीला पहिल्यांदा सुरू करणं वेगळं. त्या वयात पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका आधीच वाढलेला असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरचे चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचं जाहीर केलं. याचा अर्थ ती सगळ्यांना सरसकट चालतात असा मात्र नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा गंभीर आजार, कारण न समजलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल, तर सहसा दुसरा मार्ग शोधावा लागतो. काही बिगरसंप्रेरक औषधांनी वाफा कमी होतात.

औषध कुठल्या वाटेने जातं, यालाही महत्त्व आहे. गोळी पोटातून आधी यकृताकडे जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. त्वचेवर लावायच्या जेलने किंवा पट्टीने नेहमीच्या मात्रेत तो धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल, तर हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावं.

सर्वांत कमी बोलला जाणारा त्रास वेगळाच आहे. योनिमार्गाचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ. कितीतरी जणी 'युरिन इन्फेक्शन' म्हणून पुन्हापुन्हा अँटिबायोटिक घेत राहतात. इस्ट्रोजेनचं स्थानिक मलम इथे चांगलं काम करतं आणि रक्तात अगदी नगण्य उतरतं. पण ते मिळायला आधी बोलावं लागतं. मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून शरीराबद्दल उघड लिहीत होते. शंभर वर्षं होत आली, तरी त्यांच्याच जिल्ह्यात हे वाक्य डॉक्टरांसमोर ओठांवर येत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. नवरा मुंबईत, घरी सासू, बागेची आणि गुरांची कामं. तपासणीसाठी दिवस काढायचा तर एसटीच्या वेळा बघाव्या लागतात. त्यात 'मला नक्की काय होतंय' हे सांगायचं कोणाला?

आणखी एका गटाकडे लक्ष हवं. लहान वयात गर्भपिशवी काढलेली बाई बहुतेकांच्या नात्यात असते. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांबद्दल २०१९ मध्ये ओरड झाली, तेव्हा राज्याच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यात अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले, तर पाळी 'जाते' ती एका दिवसात. अशा बाईला हाडं आणि हृदय यांच्यासाठी संप्रेरकांची गरज पन्नाशीतल्या बाईपेक्षा जास्त असते. मनाई करणारं कारण नसेल, तर साधारण नैसर्गिक वयापर्यंत ती देण्याची शिफारस आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतर अनेकींना नक्की काय काढलं, हेच माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड कपाटात असेल तर काढून पाहा. अंडाशय काढल्याची नोंद असेल आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर ते कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

भेटीला जाताना रक्तदाब, साखर, आईला किंवा बहिणीला कॅन्सर झाला होता का, शेवटची पाळी कधी आली, हे कागदावर लिहून न्या. स्तनांची तपासणी करून घ्या. औषध सुरू झालं, तर दरवर्षी पुन्हा दाखवा, मैत्रिणीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणू नका. नाचणीची भाकरी, सुकट आणि रोजचं चालणं औषध घेतलं तरी सोडू नका. आणि औषध घेत असा वा नसा, पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तर आंब्याचा हंगाम संपायची वाट न पाहता त्याच आठवड्यात तपासून घ्या.