आकड्याची जागा हीच त्याची किंमत

हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनचे मोगली कागद जपलेले आहेत. त्या काळचे दफ्तरी हिशेब सियाक पद्धतीने लिहीत. सियाकमधली चिन्हे म्हणजे अरबी संख्यानामांची आखडलेली रूपे. तिथे पाच, पन्नास आणि पाचशे यांना निरनिराळी चिन्हे आहेत आणि शून्य नाही, त्यामुळे चिन्ह कागदावर कुठेही पडले तरी त्याची किंमत ढळत नाही. आपल्या दशमान पद्धतीत नेमके उलट आहे. ५ हा आकडा पाच की पाच हजार, हे तो कोणत्या घरात बसला आहे यावरून ठरते. म्हणूनच अंदाजपत्रक, निकालपत्रक किंवा बाजारभाव छापताना एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येणे हा सजावटीचा भाग नव्हे. तो संख्येच्या अर्थाचाच भाग आहे.

डीटीपी करताना हाच अर्थ बहुतेक वेळा बिघडतो. रकान्यातला मजकूर डावीकडे लावण्याची सवय असते. त्याच सवयीने ९,८५० आणि १,०२,४०० डावीकडून लावले की नऊ हजारांतला ९ लाखाच्या १ वर बसतो आणि नजरेला लहान रक्कम मोठी भासते. मधोमध लावले तर एकही घर जुळत नाही. स्पेसबार दाबून जुळवलेले आकडे फॉन्ट किंवा त्याचा आकार बदलताच विस्कटतात. पूर्णांक उजवीकडे लावले की काम भागते, पण १२.५, ७.२५ आणि १४० अशी यादी असेल तर उजवी कडही फसवते, कारण दशांशाखाली शतांश येतो. तिथे डेसिमल टॅब हवा, म्हणजे सगळे बिंदू एका रेषेत येतात. त्यातही एक अट आहे: फॉन्टमधले सगळे अंक सारख्या रुंदीचे असावेत. इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टॅब्युलर अंकांची सोय आहे, पण फॉन्टमध्येच तसे अंक नसतील तर तिचा उपयोग नाही. देवनागरी फॉन्ट निवडताना १ आणि ५ यांची रुंदी तपासावी ती एवढ्यासाठी.

यावर कुणी म्हणेल, वाचक आकडा वाचतो, रकाना नव्हे. एकच आकडा हवा असेल तेव्हा हे खरे आहे, आणि परिच्छेदाच्या ओघात येणाऱ्या आकड्यांना कमी-जास्त रुंदी शोभतेही. पण कोष्टक छापायचे ते तुलनेसाठी. कुठल्या खात्यावर जास्त खर्च झाला, हे प्रत्येक रक्कम मनात न वाचता कळावे, एवढ्यासाठीच तो रकाना असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडे एका रेषेत आले की ते एकाच मापाचे आहेत, असे वाचक गृहीत धरतो. मग माप वेगळे असेल तर नीटनेटकी मांडणीच दिशाभूल करते. निजामी हैदराबादचे उदाहरण पाहा. तिथे हाली शिक्का आणि ब्रिटिश रुपया अशी दोन नाणी होती, आणि १०० ब्रिटिश रुपये म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. हे दोन्ही ‘रुपये’ एका रकान्यात ओळीने लावले तर बेरीज चुकणारच. शिवाय १२ पैचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया, म्हणून या तिन्हींना स्वतंत्र रकाने लागत. भारतात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हा रुपये-पैसे एका दशांशबिंदूभोवती मांडता येऊ लागले. म्हणजे मांडणी मापाच्या मागून येते. टक्के, किलो आणि रुपये एकाच कोष्टकात असतील तर प्रत्येकाला वेगळा रकाना द्यावा आणि त्या रकान्यापुरती घरे जुळवावीत.

तेव्हा टॅब लावण्याआधी प्रश्न विचारायचा तो हा: या आकड्यांची बेरीज किंवा तुलना होऊ शकते का? होत असेल तर घराखाली घर आलेच पाहिजे. होत नसेल तर त्यांना एका रेषेत बसवणे हीच चूक आहे. सॉफ्टवेअर हा निर्णय घेत नाही. तो पान लावणाऱ्याने घ्यायचा असतो, आणि त्यासाठी आधी आकडे समजून घ्यावे लागतात.