मातीविना शेती: पाण्यावर नजर ठेवणारा डबा घरीच कसा बनवायचा



हायड्रोपोनिक्स म्हणजे पाइपात रोपं, खाली टाकी आणि मोटर दिवसभर पाणी फिरवते. सभासदांची पोरं याबद्दल फार विचारतात, म्हणून आज लिहितो. आपल्या बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात मोटर बंद पडली, तर ही मुळं तासा-दोन तासांत सुकायला लागतात. ओल धरून ठेवायला तिथं माती नसते. शिवाय पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ च्या आतच. तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात ते आपण पाहतोच. मुळांना तोंड नाही, ती गुपचूप सडतात.

डब्याचा मेंदू म्हणजे ईएसपी-३२ नावाचं छोटं बोर्ड. चारशे-पाचशे रुपयांत मिळतं, वायफाय त्यातच असतं. पाण्याच्या तापमानाला डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ सेन्सर लावा. त्याच्या लाल आणि पिवळ्या वायरीमध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर घालावाच लागतो, नाहीतर आकडा येत नाही. टीडीएस आणि पीएचच्या वायरी ३२ ते ३९ नंबरच्या पिनांवरच जोडा, कारण वायफाय चालू असताना बाकीच्या पिना असं माप वाचत नाहीत. पीएचचं बोर्ड बहुतेक ५ व्होल्टचं असतं आणि ईएसपी ३.३ व्होल्टचं. मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवा, नाहीतर बोर्ड जळेल.

आता खरी गोम. टीडीएस मीटर पाण्यात क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. आपल्याकडचं पाणी जड. कुंडी भंडाऱ्यात उतरलेल्यांनी भिंतींवर चढलेला चुन्याचा थर पाहिलाच असेल. तसलंच बोअरचं पाणी टाकीत भरलं, तर खताचा थेंब न घालताही मीटर मोठा आकडा दाखवतो आणि माणूस समजतो की खत भरपूर आहे. म्हणून आधी साधं पाणी मोजा, आकडा वहीत लिहा, वरचा तेवढाच खताचा धरा. दुसरं असं की पाणी एक अंश तापलं की हा आकडा साधारण २ टक्के वाढतो. सकाळी २५ आणि दुपारी ३५ अंश म्हणजे खत तेवढंच, आकडा वीस टक्के जास्त! प्रोग्रॅममध्ये तापमानाची दुरुस्ती टाकून घ्या.

जड पाण्यात पीएचही वर सरकत राहतो. पालेभाजीला ५.५ ते ६.५ लागतो. माशांचं पाणी रोपांना फिरवणार असाल, तर मात्र ७ च्या आसपासच ठेवा. माशांच्या घाणीचं खत करणारे जीवाणू आंबट पाण्यात मंदावतात.

पैसे कमी असतील तर पीएचचा सेन्सर नंतर घ्या. तो सगळ्यात महाग आणि नाजूक. आमच्या मते पहिला मान फ्लोट स्विचचा. पाइपातून पाणी टाकीत परततं तिथं छोटा डबा टांगा, बुडाला बारीक भोक पाडा, आत फ्लोट बसवा. धार चालू असेपर्यंत डबा भरून वाहतो. धार थांबली की भोकातून रिकामा होतो, फ्लोट खाली येतो, भोंगा वाजतो. भोंगा आणि बोर्ड बॅटरीवर ठेवा. लाइट गेली की मोटरसोबत राउटरही बंद होतो, मग मोबाइलवर मेसेज कुठून येणार?

पीएच आणि टीडीएस एकाच टाकीत एकाच वेळी चालू ठेवू नका, एकाचा करंट दुसऱ्याचा आकडा बिघडवतो. आळीपाळीने चालवा. पीएचची काच कोरडी पडू देऊ नका, डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नका. सोबत मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवायची, आणि महिन्यातून एकदा ४ आणि ७ च्या बफरने तपासायची.